जांभ्याच्या देशातील अन्न आणि देवघेव

मनुष्यजातीच्या दीर्घ आयुष्यात शेती ही अगदी काल-परवाची गोष्ट आहे. आपल्यासारख्या शरीराचा माणूस पृथ्वीवर वावरू लागल्याला सुमारे तीन लक्ष वर्षे झाली, असे आज मानले जाते. धान्य पेरून ते पिकवणारा माणूस मात्र दहा-बारा हजार वर्षांपलीकडे दिसत नाही. म्हणजे रुपयातील जवळजवळ साडेपंधरा आणे काळ माणसाने नांगराशिवाय, कोठाराशिवाय आणि बाजाराशिवाय काढला. या काळात त्याने खाल्ले काय, आणि जे त्याच्यापाशी नव्हते ते मिळवले कसे?

या प्रश्नाचे ठरावीक उत्तर असे की, आदिमानव शिकार करून पोट भरीत असे. पुढे शेती आली, धान्य शिल्लक पडू लागले आणि त्या शिलकीतून देवघेव जन्माला आली. हे उत्तर ऐकायला सोपे आहे, परंतु त्याचे दोन्ही भाग अर्धेच खरे आहेत. शिकार हे आदिमानवाच्या अन्नाचे एक अंग होते, सर्वस्व नव्हते. आणि देवघेव शिलकीतून जन्मली त्याहूनही अधिक ती उणिवेतून जन्मली. हे समजून घ्यायचे तर दूर जाण्याचे कारण नाही. गोमंतकाच्या उत्तर भागातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके डोळ्यांसमोर आणले तरी पुरे.

पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा आणि पश्चिमेस अरबी समुद्र. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ही त्याची किनाऱ्यावरील गावे. किनाऱ्यामागे नारळी-पोफळीचा पट्टा आणि त्यामागे जांभ्या दगडाची सपाट, उन्हात तापणारी पठारे. डिचोलीला समुद्र नाही. पण मांडवी आणि तिच्या उपनद्यांतून भरतीचे पाणी त्याच्या सखल भागापर्यंत चढते. पूर्वेकडे लोहयुक्त डोंगर, झरे आणि दाट रान लागते, त्यापुढे सत्तरी आणि सत्तरीमागे सह्याद्री. शापोऱ्याच्या वरच्या पात्रात पेडणे आणि डिचोली एकमेकांसमोर येतात. समुद्राची पुळण, खाडीचा चिखल, जांभ्याचे पठार, रानाचा उतार आणि घाटमाथा ही पाच निरनिराळी जगे येथे पायी दोन-तीन दिवसांच्या वाटेत सामावलेली आहेत. त्यांपैकी कोणत्याही एका जगात माणसाला लागणारे सर्व काही मिळत नाही, आणि या कथेचे मर्म तेच आहे.

या भूमीत प्राचीन माणूस वावरत होता याविषयी शंका नाही. दूधसागर नदीच्या खोऱ्यात पुराश्मयुगातील दगडी हत्यारे मिळाली आहेत. सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळावर कोरलेली शंभराहून अधिक चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली. तेथे बैल आहेत, हरणे आहेत, मोर आहे, मानवाकृती आहेत आणि वर्तुळात वर्तुळ गुंफलेला एक मोठा चक्रव्यूहही आहे. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत म्हाऊस गावी झरमे नदीच्या पात्रातील खडकावर वशिंडाचे बैल टोचून काढलेले आहेत. पेडण्याच्या उत्तरेस, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडोपी येथे कातळशिल्पे आहेत आणि कोळोशी येथील गुहेच्या उत्खननात दगडी हत्यारे हाती आली. रत्नागिरीच्या सड्यांवरील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील उसगाळीमळ अशी कोकणपट्टीतील नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. या चित्रांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु एक गोष्ट लक्षणीय आहे. या कातळांवर हत्ती, गेंडे, हरणे, मासे मुबलक दिसतात. पेरणी-कापणीची दृश्ये दिसत नाहीत. ज्यांनी ही चित्रे कोरली त्यांच्या मनात शेत नव्हते, रान आणि पाणी होते.

त्या लोकांचे अन्न कल्पनेत आणायचे तर प्रथम आजच्या गोमंतकीय स्वयंपाकघरातून पुष्कळ जिन्नस उचलून बाजूला ठेवावे लागतील. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, रताळे, मका हे सारे अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या संबंधाने या किनाऱ्याला आले. नाचणी मूळची आफ्रिकेची. ही सर्व मंडळी बाहेर गेली म्हणजे उरते काय? उरते ते समुद्राचे, खाडीचे आणि रानाचे. आणि ते थोडे नाही.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात तिसऱ्या आणि खुबे सापडतात, खडकांना कालवे आणि शिणाणे चिकटलेली असतात. हे अन्न पळत नाही, चावत नाही आणि त्याला भाला लागत नाही. एक टोकदार काठी, एक अणकुचीदार दगड आणि ओहोटीची वेळ ओळखणारा डोळा एवढे पुरे. म्हातारी माणसे आणि लहान मुलेही ते गोळा करू शकतात. जगातील अनेक किनाऱ्यांवर प्रागैतिहासिक माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या टेकड्याच्या टेकड्या सापडल्या आहेत, त्या याचीच साक्ष देतात. पावसाळ्याच्या तोंडी ओढ्यांना पहिला लोंढा येतो आणि मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. त्या वेळी अरुंद वाटेवर दगडांचा बांध आणि बांबूचा सापळा लावला की मासा आपण होऊन हाती येतो.

रानाचे भांडार याहून मोठे. जमिनीखाली कणगी, करांदे, सुरण आणि रानअळू. जमिनीवर फणस, आंबा, जांभूळ, करवंद, चार आणि भिरंड. कंद हे रानाचे कोठारच म्हटले पाहिजे, कारण वेल वाळली तरी कंद जमिनीत टिकून राहतो आणि गरजेप्रमाणे उकरून काढता येतो. मात्र हे कोठार कुलूपबंद असते. अनेक रानकंद कडू किंवा खाजरे असतात आणि काही तर विषारीही. ते चिरून वाहत्या पाण्यात ठेवावे, राखेत भाजावे किंवा आंबट घालून शिजवावे तेव्हा खाण्याजोगे होतात. कोणता कंद कोणत्या महिन्यात काढावा, तो किती वेळ पाण्यात ठेवावा, हे ज्ञान पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने आणि कदाचित काहींच्या प्राणांची किंमत देऊन मिळालेले आहे. आजही अळू शिजवताना गोमंतकातील आणि कोकणातील गृहिणी चिंच किंवा आमसूल विसरत नाही. त्या सवयीत अश्मयुगाची एक शिकवण अजून जिवंत आहे.

शिकार याच्या जोडीला होती. हरीण, भेकर, रानडुक्कर यांच्या शिकारीचा मान मोठा, पण भरवसा थोडा. आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग लोकांचा अभ्यास रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात केला. त्याला असे आढळले की, या शिकारी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांच्या अन्नाचा मोठा वाटा स्त्रियांनी वेचून आणलेल्या फळे, बिया आणि कंदांचा होता. आणि अन्न मिळवण्यासाठी प्रौढ माणसाला आठवड्यातून अडीच दिवसही खर्चावे लागत नसत. पुढे या गणितावर आक्षेप आले, कारण अन्न शिजवण्याचा, सोलण्याचा वेळ त्यात धरलेला नव्हता. तरीही मुख्य मुद्दा कायम राहिला. वाळवंटात जर हे शक्य असेल, तर वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या हिरव्या पट्टीत माणूस सदैव उपाशी मरत होता असे मानण्याचे कारण नाही.

तथापि त्याच्यापुढे एक खरी अडचण होती, आणि ती ऋतूची. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, खाड्या गढूळ, रान निसरडे. या चार महिन्यांची तरतूद उन्हाळ्यात करावी लागे. मासे उन्हात वाळवणे, फणसाच्या आठळ्या मातीत ठेवणे, भिरंडाची साले सुकवणे या गोष्टींना ना भांडे लागते ना धातू. गोमंतकात पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीज वळणाचा आहे. पण त्यामागची चिंता माणूस या किनाऱ्याला आला तेव्हापासूनची आहे.

येथवर अन्नाचा विचार झाला. आता देवघेवीकडे वळू. आणि तिचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे दगड.

कोकण आणि गोमंतकाचा दगड म्हणजे जांभा. घर बांधायला तो उत्तम, चित्र कोरायला चांगला. पण हत्यार करायला अगदी निरुपयोगी. तो सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यावर आघात केला तर त्याचा भुगा होतो, पाते निघत नाही. धारदार पाते निघायला गारगोटी, चर्ट, क्वार्ट्झाइट यांसारखा घट्ट, काचेसारखा फुटणारा दगड हवा. किनाऱ्यावरच्या काही टेकडीनाकांवर काळा कठीण खडक उघडा पडला आहे. परंतु बोटाच्या पेराएवढे नाजूक पाते, जे बाणाच्या टोकाला किंवा विळ्याच्या दाताला बसवायचे, ते अशा खडकातून सहज निघत नाही. असा बारीक पोताचा दगड सापडतो आतल्या डोंगरांत. भूगर्भशास्त्रज्ञांनी गोमंतकातील प्राचीन खडकांच्या एका थराला ‘डिचोली-रिवण’ असेच नाव दिले आहे. त्या थरात लोहयुक्त क्वार्ट्झाइटचे पट्टे आहेत आणि चर्टही आहे. डिचोलीचे खनिज आणि रिवणची कातळचित्रे एकाच खडकमालेच्या अंगाखांद्यावर आहेत, हा योगायोग मनोरंजक खरा.

यावरून एक साधे अनुमान निघते. पुळणीवर किंवा जांभ्याच्या सड्यावर राहणाऱ्या माणसाला पाते हवे असेल तर दोनच मार्ग होते. एक तर त्याने स्वतः डोंगरात जावे, नाहीतर डोंगरातल्या माणसाकडून ते घ्यावे. आणि डोंगरातला माणूस ते फुकट का देईल? त्यालाही समुद्राकडून काहीतरी हवे होतेच. वाळवलेली मासळी, शोभेचे शिंपले आणि सर्वांत मुख्य म्हणजे मीठ.

असे आदानप्रदान खरोखर होत होते, याचे पुरावे भारतात इतरत्र भरपूर मिळाले आहेत. गंगेच्या मैदानात प्रतापगढ जिल्ह्यातील सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा येथे मध्याश्मयुगीन वस्त्या सापडल्या. त्या गाळाच्या मैदानात खडा म्हणून मिळत नाही. तरी तेथील लोकांची पाती दगडाचीच आहेत. तो दगड दक्षिणेकडील विंध्य पर्वतातून आला होता. उत्तर गुजरातेत लांघणज येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९४१ पासून उत्खनन केले. तेथील शिकारी लोकांच्या अवशेषांत समुद्री शिंपल्यांचे मणी मिळाले आणि वरच्या थरात एक तांब्याची सुरीही मिळाली. शिकारी माणूस तांबे गाळीत नव्हता; अर्थात ती सुरी त्याला धातू वापरणाऱ्या शेजाऱ्यांकडून आली. घाटमाथ्यापलीकडे, बळ्ळारीजवळ कुपगल येथे, नवाश्मयुगात काळ्या डोलेराइट दगडाच्या कुऱ्हाडींचा जणू कारखानाच चालत असे. एका वस्तीला लागतील त्याहून कितीतरी अधिक कुऱ्हाडी तेथे घडवल्या गेल्या. आणि पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, त्यात समुद्रापासून दूरच्या त्या ताम्रपाषाणयुगीन गावात सागरी शंखाच्या वस्तू आणि समुद्रातल्या माशांचे अवशेष मिळाले. सह्याद्री ही भिंत नव्हती. ती चढून उतरायची पायरी होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

मिठाची गोष्ट थोडी निराळी आहे. मीठ विरघळून जाते. ते उत्खननात सापडत नाही. परंतु त्याची गरज शरीरशास्त्र सांगते. जो माणूस मुख्यतः मांस आणि मासळी खातो त्याला लागणारा क्षार त्याच अन्नातून मिळतो. धान्य आणि कंद यांत मात्र तो फारच थोडा असतो. म्हणून माणूस जसजसा धान्याकडे वळला, तसतशी त्याची मिठाची भूक वाढत गेली. म्हणजे शेतीने घाटमाथ्यावरच्या माणसाला किनाऱ्यापासून स्वतंत्र केले नाही. उलट त्याला किनाऱ्याशी अधिकच बांधून टाकले. खडकांच्या खळग्यांत भरतीचे पाणी साचते आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात आटून पांढरा थर मागे राहतो. तो खरवडून घेणे ही मीठ मिळवण्याची सर्वांत जुनी रीत. पुढे त्यातूनच आखीव वाफ्यांची मिठागरे तयार झाली. पेडण्यातील शापोऱ्याकाठच्या आगरवाडा गावाचे नावच आगर, म्हणजे मिठागर, या शब्दाची आठवण देते आणि तेथील मिठागरे प्रसिद्ध आहेत. ऐतिहासिक काळात लमाणांचे बैलांचे तांडे किनाऱ्याचे मीठ घेऊन घाट चढत आणि वरचे धान्य घेऊन उतरत.

या वाटा कोणी आखल्या? गोमंतकात जन्मलेले थोर संशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या प्रश्नाचा विचार पुण्याच्या परिसरात पायी हिंडून केला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे दाखवले की, सूक्ष्म दगडी पाती विखुरलेल्या जागा, गुराखी लोकांच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या हालचालींच्या वाटा, मातृदेवतांची आडरानातली ठाणी आणि पुढच्या काळातील व्यापारी मार्ग हे पुष्कळदा एकमेकांवर येतात. गुरे चाऱ्यासाठी जेथून गेली तेथून माणसे गेली. माणसे जेथे भेटली तेथे देवता बसली. आणि देवता जेथे बसली तेथे पुढे बाजार भरला. पेडणे-डिचोलीच्या गावागावांत वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी सातेरी आणि राखून ठेवलेल्या देवराया यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर पुष्कळ बोध होतो.

प्रत्यक्ष देवघेव कशी होत असावी? तिला खरेदी-विक्री म्हणणे बरोबर होणार नाही. टोळीच्या आत वाटून खाणे हाच नियम. आज एकाने डुक्कर मारले, उद्या दुसऱ्याला मासा मिळेल. वाटणे ही उदारता नव्हती, तो विमाच होता. दोन टोळ्यांमध्ये भेट द्यायची आणि परतभेटीची वाट पाहायची, ही रीत. भेटीमागून सोयरीक येई आणि सोयरीक झाली की किनाऱ्याची मुलगी डोंगरात व डोंगरातली किनाऱ्याला जाई. मग दगड आणि मीठ यांची वाट नात्यानेच पक्की होई. अनोळखी माणसांशी व्यवहार करण्याचीही एक युक्ती होती. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने ती इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात नोंदवून ठेवली आहे. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल मांडून धूर करीत आणि नावेत परत जात; तेथील लोक येऊन मालाशेजारी सोने ठेवीत आणि दूर होत. सोने पुरेसे वाटेपर्यंत व्यापारी त्याला हात लावीत नसत आणि सोने उचलले जाईपर्यंत लोक मालाला शिवत नसत. एक शब्दही न बोलता सौदा पुरा होई. विश्वास हे नाण्याहून जुने चलन आहे, हे यावरून कळते.

पुढे शेती आली तीही एकदम नव्हे. डोंगरउतारावर रान तोडून, जाळून, राखेत बी टोकायचे आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, ही कुमेरी. दख्खनच्या दक्षिण भागात कुळीथ आणि मूग ही कडधान्ये माणसाने सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी आपलीशी केली. खाडीकाठी बांध घालून खारे पाणी थोपवायचे आणि मानशीतून ते सोडायचे-अडवायचे, ही खाजन शेती त्यानंतरची. बांदिवडे येथे सापडलेल्या, मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारच्या ताम्रपटात खज्जन जमिनीचा उल्लेख येतो. परंतु भात आले म्हणून कंद गेले नाहीत आणि नाणे आले म्हणून अदलाबदल संपली नाही. भात मोजून देऊन मासळी घेण्याची रीत कोकणात विसाव्या शतकातही चालू होती.

ही सर्व हकीकत ज्या पानावर लिहिलेली आहे ते पान म्हणजे जांभ्याचे पठार. आणि आज ते पान फाटू लागले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी मोठ्या प्रमाणावर पोखरले गेले. पेडण्यातील मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. खनिज हवे आणि विमानतळही हवा, याविषयी मतभेद असू शकतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. दगडाचे पाते ज्या जागी पडले आहे त्या जागीच ते बोलते. कोणत्या थरात, कोणत्या वस्तूशेजारी आणि मूळ खाणीपासून किती अंतरावर ते मिळाले, यावरच त्याची साक्ष अवलंबून असते. यंत्राने एकदा माती उपसली की पाते दगड होते आणि साक्ष संपते. म्हणून कोणत्याही पठाराला हात लावण्यापूर्वी ते पायाखालून घालून पाहणे, कातळावरील खुणा टिपणे आणि गावातील वृद्धांकडून रानकंदांची, मिठाच्या वाटांची माहिती लिहून घेणे हे काम तातडीचे आहे. त्याला पैसा थोडा लागतो. वेळेवर लक्ष देणे मात्र लागते.

स्वयंपूर्ण गाव, स्वयंपूर्ण टोळी, आपल्या भाकरीवर आपण जगणारा माणूस, हे चित्र मनाला मोहक वाटते. पेडणे आणि डिचोलीची भूमी मात्र वेगळेच सांगते. तेथे ज्याच्यापाशी मीठ होते त्याच्यापाशी पाते नव्हते आणि ज्याच्यापाशी पाते होते त्याला मिठाची चव समुद्राकडून घ्यावी लागे. निसर्गाने कोणालाच पुरे दिले नाही, म्हणूनच माणूस माणसाच्या दारी गेला.